उमर मुख्तार : पडद्यावरचे आणि इतिहासातले

प्रचंड खर्चाच्या, मारधाडीच्या आणि युद्धाच्या चित्रपटांवर आपल्या समाजात बोलणे निघाले की चर्चा बहुधा एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते. चित्रपट आपल्या बाजूचा आहे की आपल्या विरोधातला? बाजूचा असेल तर त्याचे सारे दोष माफ होतात, आणि विरोधातला असेल तर त्यातील गुणांकडे पाहण्याची कुणाला इच्छा राहत नाही. परदेशी चित्रपटांत अरब म्हटला की दहशतवादी किंवा चैनी शेख, हे इतकी वर्षे पाहिल्यावर असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. पण चित्रपटाची पारख त्याने होत नाही. शिवाय अशा चित्रपटांतून आपण इतिहासही शिकत असतो. सलाहुद्दीन अय्यूबी किंवा उमर मुख्तार यांची नावे आपल्यापैकी अनेकांना पुस्तकाआधी पडद्यावर भेटली आहेत. म्हणून या चित्रपटांचे मोल कसे ठरवावे, हा प्रश्न रसिकतेपुरता उरत नाही, तो इतिहासाच्या आकलनाचाही होतो.

या लेखात प्रामुख्याने एका चित्रपटाचा विचार करायचा आहे. मुस्तफा अक्काद यांचा ‘लायन ऑफ द डेझर्ट’ (१९८१) हा तो चित्रपट. लिबियातील इटालियन सत्तेविरुद्ध लढलेल्या उमर मुख्तार यांच्यावर तो बेतलेला आहे. परंतु तो समजण्यासाठी त्याच्या आधीच्या दोन आणि नंतरच्या एका चित्रपटाकडे पाहणे आवश्यक आहे.

अकाबाची चढाई

१९६२ साली डेव्हिड लीन यांचा ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ आला. त्यावर सुमारे दीड कोटी डॉलर खर्च झाले होते आणि त्याला सात ऑस्कर मिळाले. जॉर्डनचे वादी रम, मोरोक्को आणि स्पेन इथे त्याचे चित्रीकरण झाले. आपल्याकडचे आय. एस. जोहर यांनी त्यात कासिमची भूमिका केली आहे. ज्याला लॉरेन्स वाळवंटातून वाचवून आणतो आणि पुढे स्वतःच गोळी घालतो, तो हा कासिम.

या चित्रपटातील अकाबा बंदराची चढाई आजही युद्धदृश्यांचा आदर्श मानली जाते. उंट आणि घोडे शहरात घुसतात, कॅमेरा त्यांच्याबरोबर सरकत जातो आणि अखेरीस तुर्कांच्या तोफांवर येऊन थांबतो. त्या तोफांची तोंडे समुद्राकडे आहेत. जमिनीकडून, वाळवंट ओलांडून कुणी येईल असे तुर्कांना वाटलेच नव्हते. एकही शब्द न बोलता, कॅमेऱ्याच्या एका हालचालीत संपूर्ण डावपेच प्रेक्षकाला समजतो. लढाईच्या चित्रपटाचा पहिला गुण हाच म्हणावा लागेल. कोण कुठे उभा आहे, कुठे जायचे आहे आणि तो का जिंकतो किंवा हरतो, हे डोळ्यांना कळले पाहिजे. ते कळत नसेल तर कितीही दारूगोळा उडवला तरी तो निव्वळ धूर आणि आवाज ठरतो.

आता इतिहास पाहू. जुलै १९१७ मध्ये अरबांनी अकाबा घेतले हे खरे. पण निर्णायक लढाई त्याच्या काही दिवस आधी, आतल्या भागात अबू अल्-लिसान येथे झाली होती. खुद्द अकाबा जवळजवळ न लढताच शरण आले. म्हणजे ज्या दृश्याला आपण दाद देतो, तशी चढाई त्या बंदरावर झालीच नाही. शिवाय तिचा विचार इंग्रज अधिकाऱ्याचा आणि अंमलबजावणी अरबांची, अशी विभागणी चित्रपट करतो. दमास्कसमधली अरबांची सभा तो भांडखोर पोरांच्या गर्दीसारखी रंगवतो. स्त्रीच्या तोंडी तर पावणेचार तासांत एकही संवाद नाही.

एकाच दृश्यात कलेचा मोठा गुण आणि इतिहासाचा मोठा दोष, असे दोन्ही असू शकते. एकाने दुसरा झाकला जात नाही. ही गोष्ट पुढच्या साऱ्या विवेचनात ध्यानात ठेवावी लागेल.

न दाखवता सांगण्याची कला

मुस्तफा अक्काद यांचा जन्म १९३० सालचा, सीरियातल्या हलब म्हणजे अलेप्पो शहरातला. चित्रपटाचे शिक्षण घेण्यासाठी ते अमेरिकेत गेले आणि तिथेच स्थिरावले. इस्लामच्या प्रारंभकाळावर चित्रपट काढायचा त्यांनी ध्यास घेतला. तो ‘द मेसेज’ १९७६ साली पडद्यावर आला. मक्केतील मुस्लिम वर्ल्ड लीगचा विरोध होता. मोरोक्कोत सुरू असलेले चित्रीकरण सौदी दबावामुळे थांबवावे लागले, आणि उरलेले काम लिबियात पूर्ण झाले. कर्नल मुअम्मर गद्दाफी यांनी अक्काद यांना दार उघडून दिले ते इथे.

हजरत पैगंबर (सल्ल.) यांना दाखवायचे नाही, त्यांचा आवाजही ऐकवायचा नाही, हे बंधन पाळून युद्धाचा चित्रपट काढायचा होता. अक्काद यांनी इंग्रजी आणि अरबी अशा दोन आवृत्त्या एकाच वेळी, वेगवेगळ्या नटांना घेऊन चित्रित केल्या. हजरत हम्जा यांची भूमिका इंग्रजीत अँथनी क्वीन यांनी आणि अरबीत अब्दुल्लाह गैस यांनी केली. बदरच्या द्वंद्वात हजरत अली यांची फक्त तलवार दिसते. उहुदच्या लढाईत टेकडीवर ठेवलेले तिरंदाज जागा सोडतात आणि मागून घोडदळ येते. पराभव का झाला हे लहान मुलालाही कळावे इतके ते दृश्य स्वच्छ आहे. ज्या प्रसंगांत माणसे कॅमेऱ्याकडे पाहून हजरत पैगंबरांशी बोलतात, ते मात्र थोडे अवघडलेले, थबकलेले वाटतात. बंधनामुळे आलेला हा दोष आहे, आणि त्याच बंधनामुळे लढायांत संयमही आला आहे.

परंतु अमेरिकेत या चित्रपटाचे मूल्यमापन होण्याआधीच अफवा पसरली की क्वीन यांनी हजरत पैगंबरांची भूमिका केली आहे. मार्च १९७७ मध्ये वॉशिंग्टनमध्ये एका गटाने तीन इमारतींत माणसे ओलीस धरली. चित्रपटाचे प्रदर्शन थांबवा, ही त्यांची एक मागणी होती. त्या प्रकरणात एका तरुण पत्रकाराचा जीव गेला. पुढे २०१५ साली माजिद मजिदी यांच्या हजरत पैगंबरांच्या बालपणावरील चित्रपटाविरुद्ध मुंबईच्या रझा अकादमीने फतवा काढला. संगीतकार ए. आर. रहमान यांनाही त्यात गोवले गेले. आपल्या देशात चित्रपट प्रदर्शितही झालेला नव्हता. आणि ‘द मेसेज’चे काय झाले? ज्या सौदी अरेबियाने तो अडवला, तिथल्याच चित्रपटगृहांत २०१८ च्या ईदला तो दाखवला गेला. न पाहता दिलेले निकाल काळ असे परत पाठवतो.

त्रिपोली ते सलूक

आता उमर मुख्तार यांच्याकडे वळू. सप्टेंबर १९११ मध्ये इटलीने उस्मानी साम्राज्याशी युद्ध पुकारले आणि त्रिपोलीच्या किनाऱ्यावर फौजा उतरवल्या. १ नोव्हेंबर १९११ रोजी जुलिओ गावोत्ती या इटालियन वैमानिकाने विमानातून हाताने छोटे बॉम्ब टाकले. विमानातून झालेला जगातला हा पहिला बॉम्बहल्ला, आणि तो झाला लिबियाच्या भूमीवर. हिंदुस्थानातल्या मुसलमानांना हे युद्ध परके नव्हते. जुलै १९१२ मध्ये कलकत्त्याहून सुरू झालेल्या मौलाना आझादांच्या ‘अल्-हिलाल’ने त्रिपोलीचा विषय लावून धरला. जखमी सैनिकांना पाणी पाजताना मारल्या गेलेल्या फातिमा बिन्त अब्दुल्लाह या मुलीवर इक्बाल यांनी कविता लिहिली. पुढे उस्मानी सरकारने १९१२ च्या ऑक्टोबरात तह करून माघार घेतली, पण स्थानिक लोकांनी लढा सोडला नाही.

त्या लढ्याचा कणा होता सनुसी तरीका. पूर्व लिबियात, म्हणजे बर्का प्रांतात, सनुसींच्या झाविया गावोगावी होत्या. झाविया म्हणजे मदरसा, मुसाफिरखाना, न्यायसभा आणि कोठार, सारे एकत्र. उमर मुख्तार याच परंपरेत वाढले, जगबूबच्या मदरशात शिकले आणि एका झावियाचे शेख झाले. मुलांना कुरआन शिकवणारा हा शिक्षक १९२३ पासून जबल अल्-अखदर या डोंगराळ भागातील प्रतिकाराचा सेनानी बनला.

मुसोलिनी सत्तेवर आल्यावर इटलीची पावले अधिक क्रूर झाली. १९२९ मध्ये पिएत्रो बादोलियो लिबियाचा गव्हर्नर झाला. त्या वर्षी वाटाघाटी झाल्या आणि फिसकटल्या. मार्च १९३० मध्ये रोदोल्फो ग्राझियानी बर्का प्रांताचा उपगव्हर्नर म्हणून आला. लढणाऱ्यांना अन्न, निवारा आणि बातमी पुरवणारी जनताच उचलून न्यायची, हा उपाय ठरला. बादोलियोने जून १९३० च्या पत्रात ग्राझियानीला बजावले होते की सगळी प्रजा नष्ट झाली तरी हा मार्ग सोडायचा नाही. सुमारे एक लाख माणसे गुराढोरांसह डोंगरातून हाकलून सलूक, मगरून, अगैला अशा ठिकाणच्या काटेरी तारांच्या छावण्यांत कोंडली गेली. १९३३ पर्यंत त्यांतली चाळीस हजारांहून अधिक माणसे भूक, रोगराई आणि फाशी यांनी मेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. इजिप्तच्या सीमेवर सुमारे २७० किलोमीटर लांबीचे तारेचे कुंपण उभे राहिले. जानेवारी १९३१ मध्ये कुफ्रा पडले. ११ सप्टेंबर १९३१ रोजी उमर मुख्तार पकडले गेले, १५ तारखेला बेनगाझीत तासाभराचा खटला झाला, आणि १६ सप्टेंबरला सलूकच्या छावणीत सुमारे वीस हजार कैद्यांच्या डोळ्यांदेखत सत्तरीच्या घरातल्या त्या वृद्धाला फाशी देण्यात आली. त्यांचा बचाव करणाऱ्या कॅप्टन लोंतानोला आरोपीविषयी सहानुभूती दाखवली म्हणून शिक्षा झाली.

चित्रपटाचे बळ

या इतिहासावर अक्काद यांनी साडेतीन कोटी डॉलर खर्चून चित्रपट काढला. पैसा लिबियन सरकारचा. क्वीन उमर मुख्तार झाले, ऑलिव्हर रीड ग्राझियानी आणि रॉड स्टायगर मुसोलिनी. संगीत मोरिस जार यांचे. ‘लॉरेन्स’, ‘मेसेज’ आणि ‘लायन’ या तिन्ही चित्रपटांना त्यांचेच संगीत आहे, आणि मेक्सिकोत जन्मलेले क्वीन तिन्हींत अरब झाले आहेत.

मोठ्या पैशाने काय साधते ते इथे दिसते. चित्रीकरण लिबियातच झाल्याने दऱ्या, कडे, वाळू आणि ऊन खरे आहे. थोडे घोडेस्वार मोठ्या फौजेला अरुंद खिंडीत ओढून नेतात आणि मग वरून तुटून पडतात, तेव्हा गनिमी काव्याचे गणित आपल्याला समजते. शिवरायांच्या महाराष्ट्रात वाढलेल्या वाचकाला ते वेगळे समजावून सांगायला नको. कुफ्राच्या लढाईत लढवय्ये पळून जाण्याचा मोह होऊ नये म्हणून स्वतःचे पाय बांधून खंदकात बसतात आणि समोरून यंत्रे येतात. घोडा आणि रणगाडा यांतले अंतर सांगायला त्यापेक्षा दुसरे काही लागत नाही.

दुसरे बळ म्हणजे छावण्या. बहुतेक भव्य युद्धपट रणांगणावर रेंगाळतात आणि सामान्य माणसांना धुळीत सोडून पुढे जातात. इथे काटेरी तारा, रांगा, भूक आणि बायकामुले यांना वेळ दिला आहे. १९८१ पर्यंत पाश्चात्त्य प्रेक्षकाला छळछावणी म्हटले की फक्त जर्मनी आठवत असे. फॅसिस्टांनी आफ्रिकेतही छावण्या उभारल्या होत्या, हे या चित्रपटाने प्रथमच एवढ्या मोठ्या पडद्यावर मांडले. ही त्याची ऐतिहासिक कामगिरी आहे आणि ती त्याच्याकडून कुणी हिरावून घेऊ शकत नाही.

तिसरे बळ क्वीन यांच्या भूमिकेत आहे. चष्मा लावून मुलांना तराजूचा, समतोलाचा अर्थ समजावणारा शिक्षक आधी दिसतो आणि योद्धा मागून. लढाईनंतर ते एका तरुण इटालियन अधिकाऱ्याला जिवंत सोडतात, त्याच्या हाती त्याचा ध्वज देऊन परत पाठवतात. शत्रू आपल्या कैद्यांना मारतो, मग आपण का नाही, असे साथीदार विचारतो तेव्हा शत्रू हा आपला उस्ताद नव्हे, अशा अर्थाचे उत्तर ते देतात. जिहादचा अर्थ ज्यांना फक्त रक्तपात वाटतो त्यांच्यासाठी आणि ज्यांनी तो तसा करून ठेवला त्यांच्यासाठीही हा प्रसंग आहे.

चित्रपटाचे दोष

तरीही दोष आहेत, आणि ते किरकोळ नाहीत.

पहिला दोष खलनायकाचा. मोठ्या खर्चाच्या चित्रपटाला एक नायक आणि एक खलनायक लागतो, कारण त्याशिवाय तिकीट खपत नाही अशी निर्मात्यांची समजूत असते. ऑलिव्हर रीडचा ग्राझियानी प्रभावी आहे. पण त्याच्या एकट्याच्या अंगावर सारे टाकल्याने वसाहतवाद म्हणजे एका दुष्ट सेनापतीचा स्वभाव, असे वाटू लागते. बादोलियोचे पत्र, रोममधली कार्यालये, जमिनी मिळवायला उत्सुक असलेले वसाहतवाले, हे सारे मागे पडते. १९२२ च्या आधी, म्हणजे मुसोलिनीच्या पूर्वीच्या लोकनियुक्त सरकारनेच त्रिपोलीवर चढाई केली होती, हेही सहज विसरले जाते. हाच बादोलियो १९४३ मध्ये इटलीचा पंतप्रधान झाला आणि त्याच्यावर कधीही खटला चालला नाही. ग्राझियानीला १९५० साली शिक्षा झाली ती जर्मनांशी हातमिळवणी केल्याबद्दल, लिबियाबद्दल नव्हे, आणि काही महिन्यांत तो सुटलाही.

दुसरा दोष पैशाच्या मालकाचा. १९६९ साली गद्दाफी यांनी ज्या राजाला पदच्युत केले, तो राजा इद्रीस हाच सनुसी तरीक्याचा प्रमुख होता. साहजिकच ज्या तरीक्याने उमर मुख्तार घडवले, तो चित्रपटात जवळजवळ अदृश्य आहे. नायक एकटाच डोंगरातून उगवल्यासारखा वाटतो. इद्रीस १९२२ च्या अखेरीस इजिप्तमध्ये निघून गेले होते, त्यांच्यावर टीका करण्यासारखे पुष्कळ आहे. पण टीका करणे वेगळे आणि पुसून टाकणे वेगळे. झाविया दिसल्या नाहीत तर सामान्य लोक वीस वर्षे कशाच्या बळावर लढले, हे प्रेक्षकाला कळणार कसे?

तिसरा दोष चेहऱ्यांचा. ‘मेसेज’प्रमाणे अरबी नटांची वेगळी आवृत्ती इथे नाही. लिबियन माणसे गर्दीत आहेत, बोलणारे मात्र बहुतेक क्वीन, जॉन गिलगुड, आयरीन पापास असे परदेशी कलावंत. अभिनय उत्तम, पण ‘लॉरेन्स’मध्ये जी तक्रार आपण करतो तीच इथेही करावी लागेल.

हे दोष दाखवले म्हणून चित्रपट टाकाऊ ठरत नाही. त्याच्या ज्या गुणांमुळे आपण भारावून जातो, त्यांच्यासाठी लागलेला पैसाच या दोषांना कारण आहे, एवढे समजले की पुरे.

इटलीचा निकाल

चित्रपट आर्थिकदृष्ट्या साफ कोसळला. अमेरिकेत त्याची कमाई पंधरा लाख डॉलरच्या आसपास राहिली. याच अक्काद यांनी १९७८ मध्ये ‘हॅलोविन’ या भयपटाला अवघे सव्वातीन लाख डॉलर पुरवले होते आणि त्याने कोट्यवधी डॉलर मिळवले. खर्च किती झाला यावरून चित्रपट किती चालेल हे ठरत नाही, आणि किती चालला यावरून तो किती मोलाचा हेही ठरत नाही.

इटलीने १९८२ मध्ये चित्रपटावर बंदी घातली. कारण दिले गेले की तो इटालियन सैन्याच्या सन्मानाला बाधक आहे. २००८ साली इटलीने लिबियाशी करार करून वसाहतकाळाबद्दल पाच अब्ज डॉलरची भरपाई मान्य केली. जून २००९ मध्ये गद्दाफी रोमला गेले तेव्हा त्यांनी गणवेशावर उमर मुख्तार यांच्या अटकेचे छायाचित्र लावले होते. त्याच भेटीच्या वेळी तिथल्या दूरचित्रवाणीवर चित्रपट अखेर दाखवला गेला. सत्तावीस वर्षे एका लोकशाही देशाला एक चित्रपट सोसवला नाही.

याला जोडून आणखी एक नोंद करायला हवी. १९६६ साली जिलो पोंतेकोर्वो या इटालियन दिग्दर्शकाने ‘बॅटल ऑफ अल्जिअर्स’ काढला. कृष्णधवल, अल्प खर्चाचा, बहुतेक नवख्या माणसांना घेऊन केलेला. फ्रेंच सैन्याचा छळ त्यात आहे, तसेच अल्जीरियन स्त्रियांनी ठेवलेल्या बॉम्बमुळे उपाहारगृहात मेलेली निरपराध माणसेही आहेत. स्वातंत्र्याची बाजू तो कुठेच सोडत नाही, पण आपल्या बाजूने सांडलेले रक्तही लपवत नाही. व्हेनिसमध्ये त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. फ्रान्सने तो काही वर्षे अडवून धरला. फ्रान्सचे पाप इटालियन दिग्दर्शकाला दिसले, ते इटलीने गौरवले, आणि स्वतःचे पाप एका सीरियन माणसाने दाखवले तेव्हा बंदी घातली. ‘लायन’च्या शेजारी हा चित्रपट ठेवला की पैशाने काय विकत मिळते आणि काय मिळत नाही, हे ध्यानात येते.

दोष आपल्या सोयीचा असेल तर?

२००५ साली रिडली स्कॉट यांचा ‘किंगडम ऑफ हेवन’ आला. खर्च सुमारे तेरा कोटी डॉलर. सीरियन अभिनेते गस्सान मसूद यांनी सलाहुद्दीन साकारला. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर, इराक युद्ध चालू असताना, हॉलिवूडच्या चित्रपटात सलाहुद्दीन जमिनीवर पडलेला क्रूस उचलून पुन्हा टेबलावर नीट उभा करतो. जगभरच्या मुस्लिम प्रेक्षकांना ते दृश्य सुखावून गेले. ते सुंदर आहेच. तटबंदीवरची लढाई, शिड्या, गोफणयंत्रे यांची मांडणीही नेटकी आहे.

परंतु चित्रपटात सलाहुद्दीन जेरुसलेममधल्या सर्वांना सरळ सुखरूप जाऊ देतो. ऑक्टोबर ११८७ मध्ये प्रत्यक्षात खंडणी ठरली होती. पुरुषाला दहा दिनार, स्त्रीला पाच, मुलांना त्याहून कमी. सलाहुद्दीन आणि त्यांचे बंधू अल्-आदिल यांनी अनेक गरिबांना खंडणीवाचून सोडले, हे त्या काळाच्या मानाने फार मोठे औदार्य होते. १०९९ मध्ये क्रुसेडरांनी त्याच शहरात केलेल्या कत्तलीशी तुलना केली तर ते अधिकच उठून दिसते. तरीही ज्यांना पैसे देता आले नाहीत अशी हजारो माणसे गुलाम झाली. हे सलाहुद्दीनच्या चिटणिसांनीच लिहून ठेवले आहे.

आपली खरी परीक्षा इथे होते. अकाबाची लढाई खोटी आहे हे आपण तावातावाने सांगतो. जेरुसलेमची खंडणी गाळली आहे हे सांगायला आपली जीभ का अडखळते? चूक आपल्याविरुद्ध असेल तर ती इतिहासाची विटंबना आणि आपल्या फायद्याची असेल तर ती कलेची सवलत, असे म्हणून चालणार नाही. उद्या आपल्याच देशात एखाद्या चित्रपटात मुस्लिम राजा नुसता राक्षस म्हणून रंगवला गेला, तर इतिहासाच्या नावाने बोलण्याचा आपला हक्क याच प्रामाणिकपणावर टिकून राहील.

१९३१ हे साल

सलाहुद्दीनवर चित्रपट काढायचे अक्काद यांचे स्वप्न होते. ते अपुरे राहिले. नोव्हेंबर २००५ मध्ये जॉर्डनची राजधानी अम्मान येथे अल्-कायदाच्या इराकमधील शाखेने हॉटेलांत बॉम्बस्फोट घडवले. त्यांत अक्काद यांची मुलगी रीमा ठार झाली आणि दोन दिवसांनी अक्कादही गेले. कैद्याला मारू नये असे सांगणारा उमर मुख्तार ज्याने जगाला दाखवला, तो माणूस इस्लामचे नाव घेणाऱ्यांच्याच हातून मारला गेला. गद्दाफी २०११ मध्ये मारले गेले. त्यांच्याविरुद्ध उठलेल्या लोकांच्या हातांत उमर मुख्तार यांचीच छायाचित्रे होती. चित्रपटाला पैसा देणाऱ्याला चित्रपटाच्या नायकावर मालकी सांगता आली नाही.

उमर मुख्तार यांना ज्या १९३१ साली फाशी झाली, त्याच वर्षीच्या १२ जानेवारीला पुण्याच्या येरवडा तुरुंगात सोलापूरचे चौघे फासावर गेले. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि ‘गझनफर’ या पत्राचे तरुण संपादक अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. सोलापूरच्या चौकात त्यांचे पुतळे आहेत. कुर्बान हुसेन यांच्यावर साडेतीन कोटी डॉलर खर्च करणारा कुणी भेटलेला नाही. कदाचित भेटेलही. त्या दिवशी चित्रपटगृहात आपल्याला अभिमान वाटेल, घोडे दौडतील, संगीत वाजेल. तेव्हा लढाई डोळ्यांना नीट कळते का, शत्रूला माणसाचा चेहरा आहे का, युद्धाची किंमत मोजणारी सामान्य माणसे दिसतात का, आणि पैसा कुणाचा व त्याने काय गाळले, हे चार प्रश्न आपण विचारले पाहिजेत. बरोबरच्या तीन हिंदू हुतात्म्यांना त्यात नीट जागा मिळाली आहे का, हेही विचारले पाहिजे. अक्काद यांचे उमर मुख्तार मुलांना तराजू शिकवत होते. तराजूची दोन्ही पारडी सारखी धरायची, मग वजन आपल्या बाजूचे असो की समोरच्या.